चौसष्ट किलोंची करवत

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरासमोर एक गुलमोहर आहे. घर बांधून झालं त्याच्या पुढच्या वर्षी, १९८९ साली, आजोबांनी लावलेला. यंदा वळवाच्या पावसात त्याची एक मांडीएवढी फांदी फाटकावर येऊन पडली. ती बाजूला करायला आम्हां तिघांना दोन तास लागले. संध्याकाळी शेजारचे काका म्हणाले, "अरे, एक छोटा चेनसॉ घेऊन ठेव. हल्ली किती स्वस्त मिळतात! आणि खरं सांगू का, हे झाडच काढून टाक एकदाचं."

पहिला सल्ला पटला, दुसरा डोक्यात राहिला. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे वस्तू घेण्याआधी तिचा इतिहास उपसायची सवय आहे.

साखळीच्या करवतीचा जन्म जंगलात झालेला नाही, शल्यक्रियेच्या टेबलावर झाला. १७८०च्या दशकात जॉन ऐटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाडं कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. ऐटकिनचा हेतू अडलेल्या बाळंतपणात वाट मोकळी करण्याचा होता. साखळीच्या दोन टोकांना मुठी, आणि ती हाताने मागेपुढे ओढायची. १८३०च्या सुमारास बर्नहार्ड हाईन या जर्मनाने साखळी पट्टीभोवती गुंडाळून हँडलने फिरवली. आजच्या चेनसॉची आकृती तिथे पहिल्यांदा दिसते.

लाकडाकडे ती वळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९२६ साली आंद्रेआस श्टील या इंजिनिअरने विजेवर चालणारा चेनसॉ बनवला. वजन ६४ किलो, आणि धरायला दोन माणसं. १९२९चा पेट्रोलवरचा नमुना ४६ किलोंचा. एका माणसाला पेलेल असा, १६ किलोंचा, १९५० साली आला आणि १९५९ साली १२ किलोंचा. दरम्यान अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी एक अळी बारकाईने पाहिली. ती लाकूड खरवडत नव्हती, डावी-उजवीकडे आळीपाळीने तासत होती. तिच्या जबड्याच्या धर्तीवर त्याने १९४७ साली नवी साखळी विकायला काढली. आजच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या. आता चार-सहा इंची पट्टीचे बॅटरीवाले चेनसॉ दोन किलोंच्या आसपास येतात आणि एका हातात मावतात.

हा आलेख माझ्यासारख्याला सुखावणारा आहे. पण वडिलांना तो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "वजन कमी झालं, तशी माणसंही कमी झाली."

त्यांचं म्हणणं समजायला आजोबांकडे जावं लागतं. आजोबा सुतार. गावाकडून आले आणि चिंचवडच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला लागले. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती लागते, आणि ती सुताराच्या हातूनच होते. या पट्ट्यातल्या कारखानदारीचा इतिहास आपण १९५४च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून, १९६२च्या एमआयडीसीपासून सांगतो. त्यात रंधा आणि करवत घेऊन आलेली ही माणसं क्वचितच येतात. आजोबा सांगायचे, गावात झाड पाडायचं म्हणजे मोठी करवत ओढायला दोघं लागायचे. फळ्या काढायच्या तर एक ओंडक्याच्या वर, एक खाली. दोघं जमवायचे म्हणजे दोघांना सांगावं लागे, आणि सांगितलं की गावभर कळे. मग कुणीतरी विचारायचंच, "का पाडताय?"

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. सागवानासारखं लाकूड रानातून परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. जबरदस्ती करू नये. जहाजं बांधायची गरज असलेल्या राज्याने स्वतःच्या कुऱ्हाडीला घातलेला हा लगाम आहे.

त्याचाच आधुनिक अवतार म्हणजे १९७५चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. शहरात स्वतःच्या आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना विशेष दर्जा दिला. आमचा गुलमोहर तिथवर पोचायला २०३९ उजाडेल.

म्हणजे दोन माणसांची करवत जो प्रश्न आपोआप विचारायची, तो आता कायद्याला विचारावा लागतो. आणि कायदा काही दर वेळी फाटकाशी उभा नसतो.

मग चेनसॉ कोणता घ्यायचा? वर्षातून दोनदा वापरायचा तर पेट्रोलचा नको. त्याला टू-स्ट्रोक ऑइल मापात मिसळावं लागतं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहिलं की पाणी धरतं, कार्ब्युरेटर चोंदतो. वायरचा हलका असतो, पण पावसाने ओल्या अंगणात एक्स्टेन्शन ओढायची हिंमत होत नाही. उरतो बॅटरीचा. मात्र 'हलका' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की यंत्र उसळून अंगावर येतं. म्हणून पूर्ण आकाराचा चेनसॉ चेन ब्रेक असलेलाच घ्यावा. कुठलाही असो, शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर धरून चालवू नये. गॉगल आणि जाड हातमोजे त्याच बिलात घ्यावेत.

दुकानदाराने सोळा इंची पुढे केला. "साहेब, थोड्या जास्त पैशात अख्खं झाड निघेल." मी सहा इंची घेतला. पडलेली फांदी त्याने अर्ध्या तासात तुकडे होऊन कोपऱ्यात लागली. गुलमोहराचा बुंधा माझ्या कवेत मावत नाही. सहा इंची पट्टीने तो पाडायचा म्हटलं तरी पडणार नाही. वडिलांनी यंत्र हातात घेऊन वजन पाहिलं, पट्टीची लांबी बोटांनी मोजली आणि म्हणाले, "एवढाच बरा. झाड काढायचं झालंच, तर चार माणसं बोलवावी लागतील."