दोन मृत्युपत्रं आणि कागदावरचं चित्र

जुन्या लघुचित्रांतला जंगाल कागद खातो. तांब्याचा तो गंज. झाडांच्या पानांना आणि राण्यांच्या ओढण्यांना त्याचा हिरवा रंग दिलेला असतो, आणि काही पिढ्यांनी नेमक्या तिथेच कागद तपकिरी होऊन भोकं पडतात. अशा चित्राला पाणी लावावं का, शेजारचा लाल रंग उतरेल का, पाठीला जपानी कागदाचा पदर द्यायचा तर गव्हाच्या सत्त्वाची खळ किती पातळ हवी, ही खळ पुढे कुणाला सोडवता येईल ना, हे ठरवायला रसायनशास्त्र लागतं, हाताला वळण लागतं आणि शिकण्यात कित्येक वर्षं जातात. त्या वर्षांत शिकणाऱ्याचं पोट कुणी भरायचं?

मुघलांच्या किताबखान्यात हा प्रश्न वेगळा उभा राहत नसे. चित्रकार, लेखनिक, जिल्दसाज एकाच छपराखाली असत. शिकाऊ पोरगा उस्तादाच्या हाताखाली वाढे आणि कारखान्याचा खर्च दरबार उचले. राजाश्रय आटला तशी ही सोय गेली. चित्रं संग्रहालयांत आली, शिक्षण विद्यापीठांत गेलं, फी आली. मग पैसा आला तो व्यापाऱ्यांचा, आणि तोही बराचसा त्यांच्या मृत्यूनंतर.

चार्ल्स वॉलेस हा इंग्रज कलकत्त्यात आला आणि शॉ वॉलेस या कंपनीतून त्याने मोठी संपत्ती कमावली. तो १९१६ मध्ये वारला. वारसांची तरतूद झाल्यावर उरेल ते ब्रिटन आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या सरकारी तिजोऱ्यांना जावं, अशी त्याची मृत्युपत्रातली इच्छा होती. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच उरला नाही. अखेर त्या पैशातून १९८१ मध्ये ट्रस्ट उभे राहिले. भारतासाठी एक, आणि पाकिस्तान, बांगलादेश, ब्रह्मदेश यांच्यासाठी वेगवेगळे. भारताचा ट्रस्ट कारकिर्दीच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यावरच्या भारतीयांना ब्रिटनमध्ये शिकायला मदत करतो, आणि त्याच्या विषयांत वारशाचं जतन पहिल्यापासून महत्त्वाचं आहे. वारसा जपण्यासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्टॅक’ या संस्थेच्या पायाभरणीलाही वॉलेसचाच पैसा लागला.

दुसरं मृत्युपत्र मुंबईचं. सर रतन टाटा १९१८ मध्ये इंग्लंडात, कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हजला वारले. त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला. त्यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये ट्रस्ट झाला. टाटा ट्रस्टांनी अलीकडे कलावस्तूंच्या जतनासाठी प्रशिक्षणाचा जो उपक्रम हाती घेतला, त्याच्या भागीदारांत हेच संग्रहालय आहे. एका माणसाने वस्तूही दिल्या, आणि त्या वस्तू सांभाळणारे हात घडवायला लागणारा पैसाही त्याच्याच घराण्याच्या ट्रस्टांतून आला. असा योग मला फार मोलाचा वाटतो, कारण देणारे बहुधा वस्तूपाशीच थांबतात.

शिकलेल्या हातांची टंचाई जगाला खरी कळली ती ४ नोव्हेंबर १९६६ रोजी. आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्समध्ये शिरला. एकट्या राष्ट्रीय ग्रंथालयातच लाखो पुस्तकं आणि कागदपत्रं चिखलात बुडाली. देशोदेशीची तरुण मुलं धावली, ‘चिखलातले देवदूत’ म्हणून ती ओळखली गेली. त्यांनी कागद बाहेर काढला, पण पुढची दुरुस्ती जाणणारी माणसं मोजकी होती. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाने जतनाचं शिक्षण १९६० मध्येच रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर सुरू केलं होतं. पाच-दहा सेंटांत वस्तू विकणाऱ्या दुकानांतून श्रीमंत झालेल्या सॅम्युअल क्रेस यांचं फाउंडेशनही तिथे कॉन्झर्व्हेटरांना फेलोशिप देत आलं आहे.

लखनौची राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा १९७६ ची. ओमप्रकाश अग्रवाल यांनी ती उभी केली, आणि तिथे किती तरी जण शिकून गेले. तरीही महाराष्ट्रातला कागद पाहिला की जीव कासावीस होतो. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीच्या पोथ्या, पैठणची चित्रं, रविवर्म्यांच्या छापखान्यातली शिळाछाप चित्रं हे सगळं कागदावरच आहे. आमच्या दमट हवेत कसर आणि बुरशी दोन्ही त्यावर टपलेल्या असतात. प्रदर्शनाच्या दालनाला देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची पाटीही लागते. शिकणाऱ्याच्या महिन्याच्या खर्चावर पाटी लावता येत नाही, आणि तिथेच हात आखडतो. हे चूक आहे.

पुण्यामुंबईत आणि कोल्हापूर-सांगलीत इंजिनिअरिंग-डॉक्टरकीच्या मुलांना शिष्यवृत्त्या देणारे किती तरी विश्वस्त निधी आहेत. त्यांच्या विश्वस्तांना एवढंच मागणं आहे: येत्या वर्षी यादीत एक शिष्यवृत्ती कागदाच्या जतनासाठी घाला, आणि ती शिकणाऱ्याच्या खोलीभाड्याला, जेवणाला पुरेल एवढी ठेवा.