इमिग्रंट व्हिसा : मुलाखतीपूर्वीची कागदपत्रांची तयारी

अमेरिकेतील नातेवाइकांच्या अर्जावरून तेथे कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्यांना मुलाखतीपर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागू शकतात. भावंडांच्या प्रवर्गात तर ही प्रतीक्षा दशकाहून अधिक असते. इतका काळ थांबल्यावर एखाद्या दाखल्यावाचून प्रकरण अडणे क्लेशकारक ठरते. म्हणूनच मुलाखतीचे पत्र येण्याची वाट न पाहता कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू करणे श्रेयस्कर.

मूळ प्रती आवश्यक : कागदपत्रे नॅशनल व्हिसा सेंटरकडे ऑनलाइन सादर केलेली असली, तरी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीस जाताना मूळ प्रती जवळ असाव्यात. पासपोर्ट, मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० अर्जाची पोच, छायाचित्रे, जन्मदाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पूर्वीचा विवाह संपुष्टात आला असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्युदाखला त्यात असावा. मराठी दाखल्यांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

जन्मदाखला : जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू होण्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांची नोंदच सापडत नाही. अशा वेळी संबंधित कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत.

नावातील तफावत : आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. जुन्या दाखल्यांत आईचे घरगुती नाव लिहिलेले आढळते. ही तफावत विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नोंद वा प्रतिज्ञापत्राद्वारे आधीच स्पष्ट करावी. बहीण-भावाचे नाते सिद्ध करताना दोघांच्या दाखल्यांवरील आईवडिलांची नावे जुळणे विशेष महत्त्वाचे ठरते.

पोलिसांचा दाखला : सोळा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक अर्जदारास तो लागतो. भारतातील दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आखाती वा अन्य देशांत १२ महिने किंवा अधिक काळ वास्तव्य केले असल्यास तेथील दाखलाही मिळवावा लागतो. त्यास विलंब लागत असल्याने हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

आर्थिक हमी : अर्ज करणाऱ्या नातेवाइकाने स्वाक्षरी केलेला आय-८६४ हमीपत्राचा अर्ज आणि अलीकडच्या वर्षाचे अमेरिकी करविवरण लागते. हमीदाराचे उत्पन्न सर्वसाधारणपणे तेथील दारिद्र्यनिकषाच्या १२५ टक्के असावे. ते अपुरे असल्यास संयुक्त हमीदार देता येतो.

वैद्यकीय तपासणी : ती दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी लागते. पूर्वीच्या लसीकरणाच्या नोंदी सोबत न्याव्यात.

एखादे कागदपत्र कमी पडल्यास कलम २२१ (जी) खाली व्हिसा तात्पुरता नाकारला जातो आणि पूर्ततेसाठी साधारणतः एक वर्षाची मुदत मिळते. खोटा दाखला मात्र सादर करू नये. उणीव भरून काढता येते; फसवणूक सिद्ध झाल्यास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.