जुने नाव आणि नवे बारसे : वऱ्हाडातील स्त्रीनामांचा एक विचार

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे वऱ्हाडातील एक गाव होय. अशा गावात मुलीचे बारसे म्हणजे बाराव्या दिवशी बांधलेला पाळणा, त्याभोवती जमलेल्या बायका आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. नाव सांगण्याचा मान आत्याचा असला, तरी ते ठरविण्याची चर्चा घरात अगोदरच झालेली असते. आणि अलीकडे तीत एक इच्छा वारंवार व्यक्त होते, ती म्हणजे मुलीला ‘जुने’ नाव असावे. ही इच्छा वरवर साधी दिसते. तथापि कोणत्या नावाला जुने म्हणावे, हा प्रश्न तितका साधा नाही. पणजीचे नाव जुने, तसेच ताम्रपटातील राणीचे नावही जुनेच. पहिले घराच्या आठवणीतून येते, दुसरे ग्रंथातून. या दोहोंतील भेद ध्यानी न घेतल्यास आपण कशाचे जतन करीत आहोत, हेच कळेनासे होते.

प्रथम शास्त्राचे मत पाहू गेल्यास, स्त्रीचे नाव उच्चारावयास सुखकर, कठोर नसलेले, स्पष्टार्थी, मनोहर, मंगल आणि दीर्घस्वरान्त असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. पारस्कर गृह्यसूत्राने मुलीच्या नावातील अक्षरे विषम असावीत, असा नियम घातला. याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी इत्यादींची नावे धारण करणारी कन्या विवाहास वर्ज्य मानली आहे. महाराष्ट्रातील लोकांनी यांतील पहिला उपदेश पुष्कळसा पाळला आणि दुसरा जवळजवळ सोडूनच दिला, असे म्हणावे लागते. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, चंद्रभागा, रेवती, रोहिणी, मैना, साळू ही नावे घरोघर नांदत आली. तुकोबांच्या कन्यांची नावे काशी, भागीरथी आणि गंगा अशी होती. तेव्हा नावांच्या बाबतीत ‘परंपरा’ हा शब्द शास्त्राला उद्देशून वापरावयाचा की लोकाचाराला, हे आधी ठरविले पाहिजे. कारण या दोन परंपरा एकमेकींशी जुळतातच असे नाही.

वऱ्हाडापुरता विचार केल्यास स्त्रीनामांचा अत्यंत मोलाचा पुरावा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या एकाच गावाशी निगडित आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट या गावी मिळाला. तो तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या राज्यवर्ष १९ मधील, म्हणजे पाचव्या शतकातील आहे. ही राणी वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेतील. त्या घराण्याची दुसरी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राज्य करीत होती. प्रभावतीगुप्तेच्या लेखांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती वाकाटकांची सून असूनही आपले गोत्र पित्याचे, म्हणजे धारण, सांगते. नावाच्या अखेरीस पितृकुलाचे ‘गुप्ता’ हे पद राखते. आणि पुण्याच्या ताम्रपटात आपली माता नागकुलातील कुबेरनागा असल्याचेही नमूद करते. विवाहाने स्त्रीचे नाव व कूळ पुसले जाते हा नियम सनातन आहे, या समजुतीला हा पुरावा बाध आणतो.

याच रिद्धपुरात इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात वावरणाऱ्या स्त्रियांची नावे बाइसा, आउसा, उमाइसा, हिराइसा, एल्हाइसा, महदाइसा अशी आहेत. ताम्रपट आणि हा ग्रंथ यांत सुमारे साडेआठशे वर्षांचे अंतर आहे. ‘प्रभावती’ हे नाव संस्कृत घडणीचे, तर ‘आउसा’ बोलीतले. अर्थात हा फरक केवळ कालाचा मानणे युक्त होणार नाही. ताम्रपट राजकुलाचा आहे. लीळाचरित्रातील स्त्रिया भिक्षा मागणाऱ्या, स्वयंपाक रांधणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या आहेत, आणि त्यांना हाक मारण्याची नावेच ग्रंथात आली आहेत. राजशासनात लिहिले जाणारे नाव आणि अंगणात हाक मारण्याचे नाव हे दोन प्रवाह वऱ्हाडात फार पूर्वीपासून शेजारी शेजारी वाहत होते, एवढे मात्र यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरा प्रवाह पुढेही खंडित झाला नाही. नामदेवांच्या घरात माता गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई व कन्या लिंबाई होत्या. ‘आउसा’ आणि ‘आऊबाई’ ही नावे एकाच घडणीची दिसतात. रिठदच्या पश्चिमेस, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांची कन्या जिजाबाई जन्मली. तिच्या मातेचे नाव म्हाळसाबाई. शिवाजी महाराजांच्या कन्यांत सखुबाई, राणूबाई, दीपाबाई, कमळाबाई अशी नावे आढळतात. सरदारघराण्यातील आणि शेतकऱ्याच्या घरातील नावे या काळात एकमेकांपासून फार दूर नव्हती. आज जी नावे ‘खेडवळ’ म्हणून टाकली जातात, त्यांतील कित्येक अशी राजघराण्यात रुजलेली होती, हे विसरता कामा नये.

यापुढे एक अडचण उपस्थित होते, आणि ती या विषयाच्या मुळाशी आहे. आजीचे नाव नातीला ठेवावयाचे झाल्यास आजीचे कोणते नाव? विवाहप्रसंगी सासरी नवे नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत दीर्घकाळ होती. १८६५ साली कल्याण येथे जन्मलेली यमुना विवाहानंतर आनंदी झाली आणि डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून जगाला ठाऊक झाली. कुर्लेकरांच्या घरची यमुना रमाबाई रानडे झाली. गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई टिळक झाली. या तिघींची माहेरची नावे आज माहीत आहेत, याचे कारण त्यांची चरित्रे लिहिली गेली. ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत, त्यांची माहेरची नावे बहुधा त्यांच्या भावंडांबरोबरच गेली. घरात आठवणीत राहिलेले आजीचे नाव हे अनेकदा तिच्या आईबापांनी निवडलेले नसून तिच्या सासरने दिलेले असते. त्यातही सुनेने सासूचे नाव उच्चारू नये हा संकेत. म्हणून आजीचे नाव दिलेल्या नातीलाही घरात दुसऱ्याच नावाने हाक मारली जाई. एका मुलीची अशी दोन-तीन नावे होत, आणि त्यांपैकी एकही आयुष्यभर सलग तिचे राहत नसे.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली झाला आणि पित्याच्या मालमत्तेत कन्येला वारसाहक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली केलेल्या दुरुस्त्यांनी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिचा हक्क मान्य केला. शेतीवर जगणाऱ्या प्रदेशात या हक्काची खूण म्हणजे सातबाऱ्यावरील नाव. माहेरी एक आणि सासरी दुसरे नाव असलेल्या स्त्रीला आपण तीच कन्या आहोत, हे आधी सिद्ध करावे लागते. नाव बदलण्याची चाल ज्या घरांत मागे पडली, तेथे मुलीचे नाव प्रथमच जन्मापासून अखेरपर्यंत टिकणारी वस्तू झाले. ते विचारपूर्वक निवडण्यास आज जो अर्थ आहे, तो पूर्वी असणे शक्य नव्हते.

तथापि जुने ते सर्व जतन करण्यायोग्य असते, असे नाही. अपत्ये जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून धोंडाबाई, भिकाबाई अशी नावे ठेवीत. त्यांत मायाच होती. परंतु मुलीमागून मुलगी झाली म्हणून ठेवलेले ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ हे नावही जुनेच आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २०० हून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नवे नामकरण करण्यात आले. त्या मुलींच्या दृष्टीने परंपरा तुटणे हेच इष्ट होते.

परंपरा तोडून अधिक जुन्या परंपरेकडे जाण्याचे उदाहरणही विदर्भातच घडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा, महामाया ही नावे नवबौद्ध घरांत रुजली. कालदृष्ट्या ही नावे लीळाचरित्रातील नावांहून कितीतरी प्राचीन. पण ती ठेवणाऱ्या घरांत ती सर्वस्वी नवी होती, आणि नवी म्हणूनच निवडली गेली. म्हणजे नावाचे जुनेपण त्याच्या वयावर अवलंबून नसून, ते ठेवणारे त्याद्वारे कोणाशी नाते सांगू इच्छितात, यावर अवलंबून असते.

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या अपत्याच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, नंतर आईचे, मग वडिलांचे व अखेरीस आडनाव लिहावे, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय झाला आहे. त्यामुळे रिठदमध्ये आज पाळण्यात घातलेल्या मुलीचे नाव पुढे तिच्या अपत्यांच्या नावांतही लिहिले जाईल. कन्येने आपल्या लेखात मातेचे नाव कोरविण्याचा प्रघात कुबेरनागेच्या लेकीने सोळाशे वर्षांपूर्वी पाळला होता. तो सामान्य घरापर्यंत येण्यास एवढा काळ लागला. जुने नाव शोधणाऱ्या घराने ताम्रपटातील नाव घ्यावे की पणजीचे, हा त्यांच्या आवडीचा भाग होय. मात्र पणजीचेच घ्यावयाचे ठरल्यास तिचे माहेरचे नाव काय होते, हे सांगू शकणारे माणूस हयात आहे तोवर विचारून ठेवले पाहिजे. ताम्रपट पुन्हा वाचता येतो. ते नाव मात्र एकदा विसरले गेल्यावर सांगणारे कोणी उरत नाही.