एकट्याचा प्रवास आणि अनेकांचे हात

जॉशुआ स्लोकम यानें आपल्या प्रवासवर्णनास 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' असें नांव दिलें. १९०० सालीं तें पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 'एकटा' हा शब्द त्याच्या नांवास जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाहीं. शिडाच्या गलबतांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य, याविषयीं वाद नाहीं. परंतु तो कितपत एकटा होता, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्याजोगा आहे; आणि त्याचें उत्तर शोधावयाचें तर समुद्राइतकेंच किनाऱ्याकडेहि पाहिलें पाहिजे.

१८९२ सालीं स्लोकम बॉस्टन येथें बेकार होता. मोठमोठ्या शिडांच्या जहाजांवर कप्तानकी केलेल्या या माणसाचा धंदा वाफेच्या बोटींनीं बुडविला होता. अशा वेळीं एबेन पियर्स नांवाच्या, देवमाशांच्या शिकारींत हयात घालविलेल्या कप्तानानें त्याला एक गलबत देऊं केलें. थोडी डागडुजी मात्र हवी, असें सांगितलें. फेअरहेवन येथें जाऊन पाहतो तों 'स्प्रे' नांवाचें तें जीर्ण गलबत पाण्यापासून दूर एका शेतांत टेकू देऊन उभें! हा तें मोडण्यास आला असावा, असेंच शेजाऱ्यांना वाटलें. स्लोकमनें जवळपासचा ओक वृक्ष तोडून बुडाचा कणा केला, फासळ्या वाफेवर वाकविल्या, त्यांवर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या ठोकल्या आणि फटी कापसानें व दोराच्या काथ्यानें भरल्या. गलबताची लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. आणि श्रम १३ महिन्यांचे. काम चालू असतां गांवांतील वृद्ध कप्तान येत, नाळेची मजबुती पाहून ही बर्फ फोडील म्हणत, आणि फटी भरण्याच्या रीतीवर वाद घालीत. गलबत एकाच्या हातचें खरें. पण त्यावर देखरेख साऱ्या गांवाची होती.

२४ एप्रिल १८९५ रोजीं त्यानें बॉस्टन सोडलें. ग्लॉस्टर येथील मच्छीमारांनीं त्याला सुके मासे दिले, खवळलेल्या लाटांवर ओतण्यास तेलाचें पिंप दिलें, कंदील दिला. ज्या घड्याळावर त्यानें पुढें काम भागविलें, तें टिनाचें घड्याळ तबकडी फुटकी म्हणून दीड डॉलरऐवजीं एका डॉलरला मिळालें होतें. जिब्राल्टर येथें ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं त्याचा पाहुणचार केला, आणि भूमध्य समुद्रांतील चांच्यांचें भय सांगून त्याला सुवेझच्या वाटेपासून परावृत्त केलें. स्लोकमनें पुन्हां अटलांटिक ओलांडला व मॅजेलनची सामुद्रधुनी धरली. ज्या प्रवासाची दिशाच मित्रांच्या सल्ल्यानें उलटली, त्यास निव्वळ एकट्याचा प्रवास कसें म्हणावें?

सामोआंत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या पत्नीची गांठ पडली. स्टीव्हन्सन १८९४ सालींच वारले होते. त्यांच्या संग्रहांतील सागरी मार्गदर्शक ग्रंथ बाईंनीं या खलाशाच्या हवालीं केले. बंदरोबंदरीं असें कां घडलें? मला वाटतें, किनाऱ्यावरच्या जुन्या खलाशांना 'स्प्रे'मध्यें आपल्याच मावळत्या विद्येचें शेवटचें तेज दिसत होतें.

परंतु या मैत्रीला एक सीमा होती, आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. पुंता अरेनास येथें साम्ब्लिच नांवाच्या कप्तानानें स्लोकमला गालिच्याचे खिळे भेट दिले. रात्रीं ते डेकवर पसरून तो झोंपला. अनवाणी आलेले तेथील मूळ रहिवासी किंचाळत पळाले. वाचक येथें हंसतो. पण १८८० नंतर मेंढ्यांचे मळेवाले आणि सोन्याचे शोधक या लोकांची भूमि बळकावीत होते, त्यांची कत्तल करीत होते. एका गलबतावरील खलाशी मारले गेले म्हणून दुसऱ्याच एका वस्तीवर गव्हर्नरनें टोळी पाठविली होती, हें स्लोकमनेंच लिहून ठेविलें आहे. सहप्रवाशांचें बंधुत्व कप्तान, गव्हर्नर व व्यापारी यांना लाभलें. ज्यांच्या पाण्यांतून वाट होती त्यांच्या वाट्यास खिळे आले.

आपल्याकडे २००९-१० मध्यें कमांडर दिलीप दोंदे यांनीं 'म्हादेई'तून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यांत रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. तेथेंहि एकट्याच्या मागें अनेकांचे हात उभे होतेच. यानें पराक्रम उणा होत नाहीं; वादळांत सुकाणू धरणारा अखेर एकच असतो. मात्र तो ज्या फळीवर उभा असतो, ती कोणाची तरी देणगी असते.

२७ जून १८९८ रोजीं, ४६,००० मैलांच्या प्रवासानंतर, स्लोकम न्यूपोर्टला पोंचला. पण त्याचें समाधान झालें नाहीं. ३ जुलैस त्यानें 'स्प्रे' फेअरहेवनला नेलें, आणि तें पाण्यांत सोडतांना जो सीडरचा खुंटा रोवला होता, त्यासच आणून बांधलें.