मुहूर्त टळला, मोटार आली नाही. ग्राहकाने काय करावे?

गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे मोटार विक्रीचे हमखास मुहूर्त. रोह्यातील एखादा नोकरदार गणपतीच्या सुमारास पेण, पनवेल किंवा नवी मुंबईच्या शोरूममध्ये जातो, नोंदणीची रक्कम भरतो आणि 'दसऱ्याला गाडी तुमच्या दारात' हा विक्री प्रतिनिधीचा शब्द घेऊन परततो. त्या शब्दावर विसंबून जुनी गाडी विकली जाते आणि बँकेचे कर्ज मंजूर होते. घरातल्यांनी पूजेची तयारीही केलेली असते. दसरा उलटतो, दिवाळी सरते. गाडीचा मात्र पत्ता नसतो. विचारणा केली की 'कंपनीकडूनच माल येत नाही' हे एकच उत्तर मिळते. कर्जाची रक्कम वितरकाच्या खात्यात आधीच जमा झाली असेल, तर दारात गाडी नसतानाही हप्ते सुरू होतात.

अशा वेळी ग्राहक हतबल नसतो. कायदा त्याच्या बाजूने बरेच काही करू शकतो. परंतु ते कितपत साधेल, हे बहुतांशी नोंदणीच्या दिवशी हातात आलेल्या कागदावर ठरते. तोंडी दिलेली तारीख सिद्ध करणे कठीण असते, तर लेखी दिलेली तारीख नाकारणे वितरकाला अवघड जाते.

प्रतीक्षेचा इतिहास

मोटारीसाठी वाट पाहणे महाराष्ट्राला नवे नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी एके काळी वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८३ मध्ये मारुतीने नोंदणी सुरू केली तेव्हा अवघ्या दोन महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक ग्राहकांनी पैसे भरले. पहिली गाडी त्याच वर्षी १४ डिसेंबरला दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली. बाकीच्यांना आपला क्रमांक येईपर्यंत थांबणे भाग होते. १९९१ नंतर परवाना पद्धत सैल झाली, कंपन्या वाढल्या आणि ही रांग आखूड झाली.

२०२१ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा निर्माण झाला आणि रांग पुन्हा लांबली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महिंद्र एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी खुली झाली, तेव्हा पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत नोंदल्या गेल्या. जुलै २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनच्या एक लाख गाड्यांची नोंदणी सुमारे अर्ध्या तासात झाली. मागणी एवढी आणि उत्पादन मर्यादित असले, की प्रतीक्षा अटळ असते. त्यामुळे प्रत्येक विलंब ही फसवणूक नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. विलंब खरोखरच कारखान्यातील आहे, की वितरकाने ग्राहकाचा क्रमांक डावलून गाडी दुसऱ्याला दिली, हा खरा प्रश्न असतो.

नोंदणीच्या दिवशी

नोंदणी अर्जावर गाडीचे नेमके मॉडेल, प्रकार, इंधन, रंग, भरलेली रक्कम आणि अपेक्षित ताब्याची तारीख लिहून घ्यावी. छापील अर्जात तारखेचा रकाना कोरा सोडण्याची प्रथा आहे. तो कोरा राहू देऊ नये. वितरक तारीख लिहिण्यास तयार नसेल तर 'अंदाजे इतके आठवडे' असे तरी लिहून घ्यावे. तेही मिळाले नाही, तर त्याच दिवशी त्याला ई-मेल पाठवून तोंडी झालेले बोलणे नोंदवावे: 'आज आपण अमुक महिन्यात गाडी देण्याचे सांगितले आहे.' या पत्राला वितरकाने हरकत घेतली नाही, तर पुढे तेच ग्राहकाच्या बाजूचा एक पुरावा ठरते.

पैसे वितरक संस्थेच्या खात्यातच भरावेत; विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर कदापि पाठवू नयेत. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्यान्वये २०१७ पासून मनाई आहे. आपली नोंदणी कंपनीच्या संगणक प्रणालीत स्वतःच्या नावाने झाली आहे का, हे कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावरून पडताळावे. ती केवळ वितरकाच्या वहीत राहिली असेल, तर रांगेतील आपले स्थान सिद्ध करणे कठीण जाते.

नोंदणी रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल आणि उरलेली किती दिवसांत परत मिळेल, हेही सही करण्यापूर्वी वाचावे. कर्ज घेणाऱ्याने बँकेला लेखी कळवावे, की गाडीचा चेसिस क्रमांक ठरून बीजक तयार होईपर्यंत रक्कम वितरकाला देऊ नये. एवढ्या एका पत्राने गाडीविना हप्ते भरण्याचा प्रसंग बहुधा टळतो.

किंमत वाढली तर

'ताब्याच्या दिवशीची किंमत लागू राहील' ही अट बहुतेक अर्जांवर छापलेली असते. ती मान्य करून सही केली असेल, तर कंपनीने केलेली दरवाढ सामान्यतः ग्राहकाला सोसावी लागते. मात्र ठरलेली तारीख वितरकाच्या दोषामुळे टळली आणि त्या काळात किंमत वाढली, तर तो फरक नुकसानभरपाई म्हणून मागता येतो.

कराचे गणित वेगळे आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, करारानंतर कर वाढला तर, वेगळे काही ठरले नसल्यास, तो ग्राहकाकडून घेता येतो. आणि कर घटला तर त्याचा लाभ ग्राहकाला द्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. अशा बदलाच्या काळात बीजकावरील तारीख आणि कराचा दर डोळ्यांत तेल घालून तपासणे गरजेचे असते.

कायदा काय सांगतो?

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. वेळ गाभ्याची नसली तरी विलंबाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा अधिकार राहतो. तारीखच ठरलेली नसेल तर कलम ४६ प्रमाणे 'वाजवी मुदतीत' काम पूर्ण करावे लागते. विक्रेत्याने करारभंग केल्यामुळे किंमत परत मागणाऱ्या ग्राहकाला, पैसे भरल्याच्या दिवसापासून व्याज देण्याचा अधिकार मालविक्री कायद्याच्या कलम ६१ ने न्यायालयाला दिला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या विस्तारली असून, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीदेखील त्रुटी मानली आहे. प्रतीक्षा सहा महिन्यांची आहे हे ठाऊक असूनही 'पंधरा दिवसांत गाडी' असे सांगून पैसे घेणे, हे या व्याख्येत येऊ शकते.

व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तथापि, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वाहनाला अपवाद आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करण्यासाठी एखाद्याने एकच गाडी घेतली आणि ती तो स्वतः चालवीत असेल, तर तो 'ग्राहक' ठरू शकतो. ताफा बाळगणाऱ्या व्यावसायिकाला हा मार्ग सहसा मोकळा नसतो.

जबाबदार कोण?

वितरक कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी वितरकाकडे. या संदर्भात गोव्यातील एक प्रकरण उद्बोधक आहे. २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरलेल्या ग्राहकाच्या वाट्याला २००९ मध्ये तयार झालेली मोटार आली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निर्माता कंपनीलाही जबाबदार धरण्यात आले होते. टाटा मोटर्सने केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीला त्या जबाबदारीतून मुक्त केले. कंपनी व वितरक यांचे नाते मालक-प्रतिनिधीचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते. वितरकाच्या कृत्याची कंपनीला माहिती होती, असे सिद्ध झाल्याखेरीज तिला दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालातून घेण्याजोगा धडा असा, की कंपनीला पहिल्यापासून लेखी कळवीत राहावे. वितरकाला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवली, तर 'आम्हाला कल्पनाच नव्हती' हा बचाव दुबळा होतो. तक्रारीत कंपनीला प्रतिवादी करायचे असल्यास तिचा नेमका दोष कोणता, हेही स्पष्ट लिहावे लागते.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी शोरूमची. विक्री प्रतिनिधीशी वाद घालण्यापेक्षा व्यवस्थापकाला लेखी पत्र देऊन तीन प्रश्न विचारावेत: नोंदणीचा क्रमांक रांगेत कितवा आहे, चेसिस क्रमांक मिळाला आहे का, आणि ताब्याची नवी तारीख कोणती. उत्तरासाठी सात ते दहा दिवसांची मुदत द्यावी. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ या क्रमांकावर नोंदवलेली तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवली जाते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. तरीही पुष्कळदा कंपनीच्या वरिष्ठ कार्यालयातून हालचाल होते आणि प्रकरण तेथेच मिटते.

तिसरी पायरी नोटिशीची. नोंदणीची तारीख, भरलेली रक्कम, दिलेले आश्वासन, झालेले नुकसान आणि मागणी हे सारे एका पानात मांडून, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. गाडी हवी की व्याजासह पैसे परत हवेत, हे निःसंदिग्धपणे सांगावे. नोटीस वकिलाचीच असली पाहिजे असे नाही.

एवढ्यावरही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. रायगडचा आयोग अलिबागला आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याखाली सामान्यतः प्रतिपक्षाचे कार्यालय जेथे, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथे जावे लागे. आता तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. म्हणजेच शोरूम नवी मुंबईत असले, तरी पेण किंवा रोह्याच्या रहिवाशाला ठाणे गाठावे लागत नाही.

मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेल्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही; ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १००० रुपये शुल्क आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. नोटीस मिळाल्यावर प्रतिपक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदतवाढ देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. माल तपासणीची गरज नसलेली तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा अधिक काळ लागण्याची मानसिक तयारी ठेवावी.

नुकसानीचा दावा करताना आकडे पुराव्याने जुळवावेत. गाडी नसताना भरलेले हप्ते, भाड्याच्या वाहनाची बिले, वाढीव किंमत यांच्या पावत्या जोडाव्यात. मनस्तापापोटी अवाच्या सवा रक्कम मागितल्याने तक्रार बळकट होत नाही. ग्राहकाने कागदपत्रे किंवा उरलेले पैसे देण्यास स्वतःच उशीर केला असेल, तर वितरक तेच कारण पुढे करणार, हेही विसरू नये.

गाडी आल्यावर

वाट पाहून कंटाळलेला ग्राहक गाडी दिसताच घाईने सह्या करतो. नेमक्या याच क्षणी सावध राहावे. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, उत्पादनाचा महिना व वर्ष असते. ते चेसिस क्रमांकाशी ताडून पाहावे. किलोमीटरचा आकडा, काचांवरील वर्षाच्या खुणा आणि रंग तपासावा. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते.

नोंदणीविना गाडी ताब्यात देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ नुसार वितरकाला मनाई आहे. तात्पुरती वा कायम, कोणती तरी नोंदणी आधी झालेली असली पाहिजे. पेण व रोहा हे दोन्ही तालुके पेणच्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत येतात आणि तेथील गाड्यांना एमएच ०६ ही मालिका मिळते. 'आरटीओत काम अडले आहे' असे कारण सांगितले गेल्यास अर्ज क्रमांक मागावा. तो मिळाल्यावर अर्जाची स्थिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर ग्राहकाला स्वतः पाहता येते.

विलंबाबद्दलची तक्रार कायम ठेवायची असेल, तर ताबा पावतीवर 'विलंबाबाबतचा हक्क राखून ताबा घेतला' असे एक वाक्य लिहून सही करावी. 'कोणतीही तक्रार नाही' असे छापलेल्या कागदावर निमूटपणे सही करणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा पत्रव्यवहार आपल्याच हाताने कमकुवत करणे होय.