मोटारीच्या कुलपावर वाढत गेलेली ओझी



जुनी मोटार एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा कागदपत्रांबरोबर एक तोंडी सूचनाही बहुधा दिली जाते. "किल्ली पुरती आत घालू नका, केसभर बाहेर ठेवा, किंचित वर उचला, आणि मग फिरवा." नवा मालक चार दिवस अडखळतो. पाचव्या दिवशी ती युक्ती त्याच्या हाताला साधते, आणि त्यानंतर कुलूप झिजलेले आहे ही गोष्ट तो विसरून जातो. ही विस्मृती वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु मोटारीच्या कुलपाचा इतिहास पाहिला, तर ती उत्तरोत्तर महाग कशी होत गेली हे ध्यानात येईल.

मोटारीच्या जन्मकाळी तिला कुलूप नव्हतेच. कार्ल बेंझ यांनी 1886 साली आपल्या गाडीचे पेटंट मिळविले. ती सुरू करावयाची म्हणजे तिचे मोठे चक्र हाताने फिरवावयाचे. पुढे समोरून हँडल मारण्याची रीत आली. इंजिन उलट फिरले की हँडलचा तडाखा बसे आणि मनगट मोडे. त्यामुळे गाडी चोरून नेण्यापेक्षा ती सुरू करणे हेच अधिक धाडसाचे काम होते. फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी 1908 साली निघाली. तिच्यात किल्ली होती. पण ती कुलपाची किल्ली म्हणण्यापेक्षा विजेच्या बटणाची मूठ होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. 1919 पासूनच्या स्विचांसाठी तर 51 ते 74 अशा अवघ्या 24 क्रमांकांच्या किल्ल्या होत्या, आणि गाडीला कोणत्या क्रमांकाची किल्ली लागते तो आकडा स्विचवरच कोरलेला असे. ज्याच्या खिशात चोवीस किल्ल्यांचा जुडगा, त्याला लाखो गाड्या मोकळ्या! त्या काळी किल्लीचे काम एकच: ठिणगीसाठी वीज द्यावयाची किंवा तोडावयाची.

1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसविण्यात आला, आणि हँडलचे भय ओसरू लागले. तथापि स्टार्टरचे बटण अजून वेगळेच होते. ते कोठे पायाखाली असे, कोठे ओढावयाच्या मुठीच्या रूपात असे. 1949 साली क्रायस्लर कंपनीने ही दोन्ही कामे एका किल्लीत आणली. किल्ली एक टप्पा फिरविली की वीज. स्प्रिंगच्या विरोधात आणखी पुढे रेटली की इंजिन सुरू. सोय मोठी झाली. पण प्रत्येक वेळी स्प्रिंगशी झगडण्याचे काम त्या इवल्याशा कुलपाकडे आले. हे त्याच्यावरचे दुसरे ओझे.

तिसरे ओझे चोरांनी लादले. स्टिअरिंगच्या दांड्याला अडसर घालणारे कुलूप पश्चिम जर्मनीत 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सक्तीचे झाले. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1969 च्या गाड्यांत कुलूप समोरच्या फळीवरून काढून स्टिअरिंगच्या दांड्यावर नेले. 1970 पासून तेथे चोरीविरुद्धचा सुरक्षा-नियमही लागू झाला. ब्रिटनमध्ये 1971 पासून नव्या गाड्यांना असे कुलूप आवश्यक ठरले. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या 'साब 99' या गाडीत निराळा मार्ग पत्करला: अपघातात चालकाचा गुडघा किल्लीवर आदळू नये म्हणून तिने कुलूप दोन आसनांच्या मध्ये ठेवले, आणि स्टिअरिंगऐवजी गिअर अडविले. मार्ग कोणताही असो, परिणाम एकच झाला. पूर्वी कुलूप बिघडले तर ठिणगी जात असे आणि मिस्त्री दोन तारा जोडून गाडी घरी आणी. आता कुलूप अडले की स्टिअरिंगच अडते.

आता या कुलपाच्या अंतरंगाकडे वळू. लायनस येल (धाकटे) यांनी 1861 आणि 1865 साली ज्या कुलपांची पेटंटे घेतली, त्यांचे तत्त्व असे की, योग्य किल्लीच्या खाचा आतील खुंट्यांना नेमक्या उंचीवर आणतात आणि मगच गाभा फिरतो. मोटारींत खुंट्यांऐवजी बहुधा पितळेची पातळ पाती असतात. किल्ली दररोज त्यांवर घासते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने किल्लीचे उंचवटे बोथट होतात, पात्यांच्या कडा झिजतात, आणि पाती हव्या त्या उंचीवर येईनाशी होतात. किल्ली हलवून, उचलून, दाबून आपण जे करतो ते म्हणजे झिजलेल्या धातूची उणीव हाताने भरून काढणे होय. त्यात किल्लीला घर, कपाट, दुकान यांच्या किल्ल्यांचा जुडगा लोंबत असला, तर धावत्या गाडीत तो सतत हेलकावे खातो आणि कुलपाची झीज वाढवितो.

दोष किल्लीचा की कुलपाचा, हे ओळखणे कठीण नाही. गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली बहुतेक घरांत कपाटात निजलेली असते. तिने कुलूप सहज फिरले, तर पहिली किल्ली झिजली आहे. अशा वेळी नवी प्रत त्या न वापरलेल्या किल्लीवरूनच करून घ्यावी, किंवा मूळ क्रमांक उपलब्ध असल्यास त्यावरून कापून घ्यावी. झिजलेल्या किल्लीची प्रत काढणे म्हणजे तिच्या झिजेचीही प्रत काढणे. दुसऱ्या किल्लीनेही कुलूप अडत असेल, तर दोष पात्यांत आहे. किल्ली छान फिरते पण वीज कधी येते आणि कधी जाते, असे असेल तर कुलपामागचा विजेचा स्विच तपासावा. आणि पुढची चाके पदपथाला टेकून वळलेली असताना किल्ली फिरत नसेल, तर तो बिघाडच नसेल. स्टिअरिंग किंचित हलवून अडसरावरचा ताण काढला की किल्ली फिरते.

कुलपात तेल ओतण्याची सवय टाकावी. तेलावर धूळ बसून चिकटा तयार होतो. ग्राफाइटची कोरडी पूड बेताने वापरलेली बरी. पण पूड काही झिजलेला धातू परत आणीत नाही. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. स्टिअरिंगवरच्या अनेक कुलपांचा गाभा बाहेर काढण्यासाठी किल्ली विशिष्ट खुणेपर्यंत फिरवावी लागते. म्हणजे किल्ली जोवर फिरते आहे तोवर दुरुस्ती सोपी. ती कायमची अडली, किंवा जोर केल्याने आतच मोडली, की गिरमिटाने भोक पाडण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते.

युक्तीवर काळ ढकलण्याची सवय केवळ गाडीमालकांनाच असते असे नाही. जनरल मोटर्सने फेब्रुवारी 2014 मध्ये 'कोबाल्ट' आदी छोट्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यास आरंभ केला, आणि त्यांची संख्या सुमारे 26 लाखांवर गेली. येथे मूळ दोष झिजेचा नसून रचनेचा होता. कुलपामागच्या स्विचमधील स्प्रिंग दुबळी होती. खड्ड्याच्या धक्क्याने, गुडघ्याच्या स्पर्शाने किंवा जुडग्याच्या वजनाने किल्ली 'चालू' खुणेवरून मागे सरके. मग इंजिन थांबे, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होत, आणि अपघात झाल्यास चालकाला वाचविणारी हवेची पिशवी फुगत नसे. भरपाईसाठी स्थापन झालेल्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले; 2015 साली कंपनीने अमेरिकन सरकारला 90 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. तक्रारी कंपनीच्या कानांवर अनेक वर्षे आधीच आल्या होत्या. 2005 साली तिने विक्रेत्यांना जी सूचना पाठविली तीत म्हटले होते की, जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढून टाकण्यास ग्राहकांना सांगावे. म्हणजे "किंचित वर उचला आणि मग फिरवा", याच कुळातला हा सल्ला! एप्रिल 2014 मध्ये तर यांपैकी सुमारे 22 लाख गाड्यांच्या कुलपांचे गाभेही बदलावयाचे ठरले, कारण इंजिन चालू असतानाही किल्ली बाहेर निघू शकत होती.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबलेले आहे. अँबेसेडरचे 2014 साली थांबले. ज्यांनी त्या हौसेने जतन केल्या आहेत, त्यांच्या गाड्यांतील कुलपांनी कित्येक दशकांची सेवा केलेली आहे. अशा गाडीची किल्ली एकटी ठेवावी, जुडग्यात अडकवू नये. इंजिन चालू असताना किल्ली बाहेर निघते का, हे गाडी उभी असताना एकदा पाहावे. निघत असेल तर त्याच आठवड्यात गॅरेजची वाट धरावी. आपल्या हाताला युक्ती साधली असेल, पण गाडी कधीतरी मुलगा चालवितो, कधी भाऊ, कधी ड्रायव्हर. त्यांच्या हाताला ती ठाऊक नसते, आणि घाटातल्या वळणावर ती शिकण्यास वेळ नसतो. म्हणून गाडी दुसऱ्याच्या स्वाधीन करताना किल्ली फिरविण्याची सूचना द्यावी लागत असेल, तर आधी कुलूप बदलावे आणि मग गाडी द्यावी.