एक रोगी, दोन अक्षरें

सन १९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग निराळा काढून गोंदिया हा नवा जिल्हा करण्यांत आला. त्याच वर्षीं स्पेन देशांतील बार्सिलोना शहराच्या लोवेत, ब्रू व ब्रुइक्स या तीन वैद्यांनीं यकृताच्या कर्करोगाची एक नवी वर्गवारी प्रसिद्ध केली. या दोन नांवांचा एकमेकांशीं कधीं संबंध येईल असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गोंदियाहून पत्र आलें. त्याचे वडील तेथील एका राइस मिलमध्यें चाळीस वर्षें मुनीम होते. त्यांच्या यकृतांत गांठ निघाली. नागपुरास तपासणी झाली. आणि दोन कागद हातीं पडले. एकावर ‘ए’ हें अक्षर, दुसऱ्यावर ‘सी’. “सर, यांपैकीं खोटें कोण बोलतो?” असा मुलाचा प्रश्न होता.

आम्ही वैद्य नव्हों, इतिहासाचे शिक्षक आहोंत. परंतु हीं दोन अक्षरें कोठून आलीं हा प्रश्न इतिहासाचाच असल्यामुळें आम्हीं तो हातीं घेतला.

रोगाच्या पायऱ्या मोजण्याची कल्पना नवी नाहीं. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ति आणि भेद असे सहा काल सुश्रुतानें सांगितले आहेत, आणि कोणत्या काळीं वैद्यानें हात घालावा हाच त्या विवेचनाचा हेतु आहे. (यावरून आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें अनुमान काढणाऱ्या मंडळींत आम्ही नाहीं.) अर्वाचीन काळीं कर्करोगाच्या पायऱ्यांस पद्धतशीर रूप दिलें तें पिएर दनुआ या फ्रेंच शस्त्रवैद्यानें, १९४३ ते १९५२ या वर्षांत. गांठ केवढी, जवळच्या रसग्रंथींत ती उतरली काय, आणि दूरच्या अवयवांत पसरली काय, हे त्याचे तीन प्रश्न. स्तनाच्या किंवा जिभेच्या कर्करोगास एवढ्यानें बरेंच काम भागे. यकृतापाशीं मात्र ही मोजपट्टी अपुरी पडली.

त्याचें कारण असें कीं, यकृतांतच उद्भवणारा कर्करोग बहुधा निरोगी यकृतांत येत नाहीं. वर्षानुवर्षें मुरलेल्या काविळीच्या विषाणूनें किंवा मद्यानें यकृत आधींच आकसून कठीण झालेलें असतें. त्यालाच डॉक्टर लोक सिऱ्होसिस म्हणतात. म्हणजे रोगी एक, पण रोग दोन. लहानशी गांठ कापून काढतां येण्याजोगी असली, तरी उरलेलें यकृत तो घाव सोसण्याजोगें नसलें तर शस्त्रक्रियेनेंच मनुष्य जावयाचा.

या दुसऱ्या रोगाचें माप कर्करोगाच्या अभ्यासांतून निघालेंच नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंत चाइल्ड व टर्कोट यांनीं तें केलें, तें अन्ननलिकेंतील शिरा फुटून रक्त ओकणाऱ्या रोग्यांवर शस्त्र चालवावें कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं. १९७३ सालीं लंडनमध्यें प्यू व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील ‘पोषण’ हा संदिग्ध प्रश्न काढून रक्त गोठण्याच्या वेळेचा प्रश्न घातला. बिलिरुबीन, अल्ब्युमिन, जलोदर, मेंदूवरील गुंगी आणि रक्ताचें गोठणें या पांचांस गुण द्यावयाचे; बेरीज पांच किंवा सहा आली कीं ‘ए’. मुनिमांच्या पहिल्या कागदावरील अक्षर तें हें.

दोन्ही रोग एकाच मापांत आणण्याचें श्रेय जपानांतील ओकुडा यांस आहे. १९८५ सालीं ८५० रोग्यांच्या नोंदी पाहून त्यांनीं चारच प्रश्न ठेवले: अर्ध्याहून अधिक यकृत गांठीनें व्यापलें आहे काय, पोटांत पाणी झालें आहे काय, अल्ब्युमिन तीन ग्रॅमच्या खालीं व बिलिरुबीन तीन मिलिग्रॅमच्या वर आहे काय. एकाहि प्रश्नास होकार नसला तर पहिली पायरी, एकदोहोंस असला तर दुसरी, त्याहून अधिकांस तिसरी. ज्यांवर विशेष उपचार झाले नव्हते त्यांचें मध्यम आयुष्य पहिल्या पायरीवर ८.३ महिने, दुसरीवर २ महिने आणि तिसरीवर अवघें ०.७ महिना भरलें. आंकडे भयंकर आहेत. तथापि आम्हांस या मापाचें मोठें कौतुक वाटतें. चारांपैकीं तीन प्रश्न वैद्याचा हात आणि थोडें रक्त एवढ्यावर सुटतात. गोंदियास वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें २०१६ सालीं, पण हीं उत्तरें त्यापूर्वीं तेथें मिळतच नसत असें नव्हे. दोष एवढाच कीं, रोगी किती जगेल हें तें माप सांगे, काय करावें हें सांगत नसे.

१९९८ सालच्या इटालियन मापाचीहि तीच गत. बार्सिलोनाच्या वैद्यांनीं मात्र प्रश्नच फिरविला. गांठीचा विस्तार, यकृताची शक्ति आणि रोग्याचें चालतेंफिरतेंपण हीं तिन्ही एकत्र पाहून त्यांनीं ‘ए’पासून ‘डी’पर्यंत पायऱ्या केल्या आणि प्रत्येकीपुढें उपचार लिहिला, ‘शून्य’ पायरी मागाहून जोडली. हें माप शस्त्रक्रियेच्या बाबतींत फार भित्रें आहे अशी तक्रार करून २०१४ सालीं हाँगकाँगच्या वैद्यांनीं आपलें निराळें माप मांडलें. हा वाद मिटलेला नाहीं, आणि मिटूं नये असेंच आम्हांस वाटतें.

मुनिमांची गांठ आंतड्यांकडून यकृतास रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेंत शिरली होती, म्हणून बार्सिलोनाच्या मापानें ‘सी’. उरलेलें यकृत सशक्त होतें, म्हणून चाइल्ड-प्यूच्या मापानें ‘ए’. खोटें कोणीच बोललें नव्हतें. उलट, २००७ पासून या पायरीसाठीं जीं औषधें निघालीं तीं मुख्यतः यकृताचा हा ‘ए’ शाबूत असलेल्या रोग्यांवर पारखलेलीं आहेत. तें अक्षर ढळलें असतें तर वैद्यांस औषध हातीं घेतांना पुष्कळ विचार करावा लागला असता.

हें सारें आम्हीं विद्यार्थ्यास लिहिलें. रोग बरा होईल असें लिहिलें नाहीं, कारण ‘सी’चा तो अर्थ नव्हे. उत्तराच्या तळाशीं वडिलांनीं स्वतःच्या अक्षरांत मजकूर जोडला होता: “धानाची ओल वेगळी पाहतात आणि तांदळाची कणी वेगळी. दोन्ही आंकडे एकाच पोत्याचे असतात. मला समजलें. औषध सोमवारीं सुरू होत आहे. तत्पूर्वीं मिलचा हिशेब नव्या मुनिमाच्या स्वाधीन करतों.”